उलटे आटे

साध्या सायकलीला दोन ठिकाणी उलटे आटे असतात. एक डाव्या पॅडलला. दुसरं ठिकाण सहसा नजरेला पडत नाही: दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात, त्या एक्सलला धरून ठेवणारा उजव्या बाजूचा कप. स्क्रू, नट, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळं उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं. या दोन जागी मात्र उजवीकडे फिरवलं की सुटतं. घरी पहिल्यांदा सायकल खोलणारे बरेच जण इथं पान्याला पाइप जोडून, घाम गाळून, कप आणखी घट्ट करत बसतात.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवड्याचे पाच दिवस स्क्रीनसमोर जातात. शनिवार-रविवार बाल्कनीत, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून, जुन्या सायकली खोलण्यात. सध्या घरात तीन आहेत. त्यातली सगळ्यात जुनी इंग्लंडमध्ये बनलेली रॅले: काळी, रॉड ब्रेकची, २८ इंची चाकांची. मागच्या हबवर ‘एडब्ल्यू’, त्याखाली ५४ आणि ६ असे आकडे ठोकलेले आहेत. स्टर्मी-आर्चर कंपनी हबवर वर्ष आणि महिना ठोकत असे, म्हणजे हा हब जून १९५४ मधला. माझ्या वडिलांपेक्षाही मोठा.

ही सायकल मी चार पाने, एक हातोडी, एक कानस आणि अर्धा लिटर रॉकेल घेऊन पूर्ण खोलू शकतो आणि पुन्हा जोडू शकतो. माझा सहा वर्षांपूर्वीचा फोन मात्र बॅटरी गेली म्हणून कपाटात पडून आहे. असं का, याचं नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: “तेव्हाचं लोखंड चांगलं होतं.” लोखंड चांगलं होतंच. पण सायकली खोलता खोलता मला या उत्तराचा अपुरेपणा जाणवायला लागला. लोखंड कितीही चांगलं असलं तरी छर्रे झिजतात, कॉटर वाकतात, टायरला भेगा पडतात. जुनी वस्तू चालू राहते ती झिजलेला भाग बदलता येतो म्हणून. आणि भाग बदलता येतो तो कुणीतरी, कधीतरी, एका मापावर एकमत केलेलं असतं म्हणून. हा लेख त्या एकमताच्या इतिहासाबद्दल आहे. आणि जिथं एकमत झालं नाही, तिथं काय झालं याबद्दलही.

कॉटर, कप, छर्रे

आधी सायकलीच्या पोटात जाऊ. जुन्या सायकलीची क्रँक एक्सलला कॉटरनं धरलेली असते. कॉटर म्हणजे लोखंडी पाचर: बोटाएवढी, एका बाजूनं तिरकी सपाट, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. इंग्लिश सायकलीत हिची जाडी साडेनऊ मिलिमीटर. नट आवळून कॉटर आत ओढायची, हा गैरसमज आहे. कॉटर ठोकून बसवायची असते. नट ती सुटू नये एवढंच पाहतो. नवी कॉटर पुडीतून काढली आणि बसवली असंही होत नाही. तिची तिरकी बाजू कानशीनं थोडी थोडी घासत, पुन्हा पुन्हा घालून बघत जुळवावी लागते. दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत आल्या की झालं.

काढताना उलट. नट आट्यांच्या टोकापर्यंत आणायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकखाली जमिनीपर्यंत भक्कम टेकू द्यायचा, एखादा जाड पाइपचा तुकडा चालतो. मग एकच ठाम घाव. टेकू दिला नाही तर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला आतून खड्डे पडतात. दहा हलके घाव घातले तर कॉटर आतल्या आत फुगते आणि मग ती ड्रिल करूनच काढावी लागते.

क्रँक निघाल्या की कप. डावा कप फिरवून ढिला-घट्ट करता येतो, त्यावर लॉकरिंग असते. उजवा कप पक्का. त्यांच्यात एक्सल, आणि दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे, अकरा-अकरा. खाली ताटली धरल्याशिवाय कप सोडू नये. छर्रा एकदा घरंगळला की तो सोसायटीच्या पावसाळी पाइपातच सापडतो.

आता उजव्या कपाचे आटे उलटे का? एक पेन्सिल सैल मुठीत धरा. तिचं वरचं टोक दुसऱ्या हातानं गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आत स्वतःभोवती फिरते, पण तुम्ही फिरवताय त्याच्या विरुद्ध दिशेनं. सायकलीत असंच होतं. पाय मारताना एक्सलवरचा भार कपाच्या आतून गोल फिरत राहतो आणि कपाला हळूहळू उलट्या दिशेनं सरकवतो. उजवीकडून पाहिलं तर एक्सल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून कप काट्यांच्या उलट सरकू पाहतो. नेहमीचे आटे असते तर तो काही दिवसांत सुटून आला असता. उलटे आटे असल्यामुळे चालवणाऱ्याचा प्रत्येक पाय तो घट्टच करतो.

गंमत अशी, की हे सगळ्यांनी मान्य केलं नाही. इटालियन सायकलींत दोन्ही कपांचे आटे उजवे. जुन्या फ्रेंच सायकलींतही. तिथं उजवा कप जास्त जोर लावून बसवावा लागतो आणि तरी तो सुटण्याची तक्रार जुनी आहे. इंग्लिश मापात कपाचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. इटालियन मापात व्यास ३६ मिलिमीटर आणि तरीही आटे इंचाला २४. फ्रेंच मापात ३५ मिलिमीटर व्यास आणि दर मिलिमीटरला एक आटा. स्विस सायकलींत फ्रेंचांचं माप आणि इंग्रजांचा उलटा आटा. एकाच भोकासाठी चार देशांची चार उत्तरं. ज्यानं कधी चार ब्राउझरांत एकच वेबसाइट चालवून पाहिली आहे, त्याला हे ओळखीचं वाटेल.

एका बंदुकीच्या कारखान्याचं माप

स्क्रूला ‘माप’ असतं ही कल्पनाच फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा बोल्ट हरवला तर त्याच कारखान्यात जावं लागे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरनं यावर एक निबंध वाचला. त्यानं स्वतःचं नवं माप डोक्यातून काढलं नव्हतं. वेगवेगळ्या वर्कशॉपांतून स्क्रू गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढली. कुणाचंच माप पूर्ण बरोबर नाही आणि कुणालाच फार बदलायला लागणार नाही, असा तोडगा. आट्याचा कोन ५५ अंश ठरला आणि रेल्वेपासून तोफांपर्यंत पसरला.

सायकल आली ती अशा, मापं ठरू लागलेल्या जगात. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं ‘रोव्हर’ बनवली: दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. आपण आज जिला सायकल म्हणतो तिचा आराखडा तोच. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलपनं हवेचा टायर आणला. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली सायकल बनवणारे उभे राहिले. पण पातळ नळीवर व्हिटवर्थचे जाड आटे पाडता येत नाहीत, नळीच कापली जाते. सायकलीला बारीक आटे हवे होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायकल इंजिनिअरांच्या संस्थेनं ते ठरवून दिले: ६० अंशांचा कोन, आणि त्यातच कपासाठी इंचाला २४ आटे.

संस्था कागदावर माप ठरवते. ते बाजारात रुजवतं दुसरंच कुणीतरी. इथं ते काम ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ या कंपनीनं केलं. नावाप्रमाणे बंदुकांचा कारखाना. लष्कराच्या ऑर्डरी कमी-जास्त होत, म्हणून यंत्रं रिकामी राहू नयेत यासाठी त्यांनी १८९३ मध्ये सायकलीचे हब बनवायला घेतले, मग इतर सुटे भाग. बंदुकीचे भाग एकसारखे बनवायची सवय असलेली यंत्रं आणि माणसं आता कप आणि एक्सल बनवू लागली. हे भाग ते इतर सायकलवाल्यांना विकत. एखादा छोटा दुकानदार स्वतः फक्त फ्रेम जोडायचा आणि बाकी सगळं यांच्याकडून आणायचा. त्यासाठी त्याच्या फ्रेमला यांच्याच मापाचे आटे लागत. असं करत करत कागदावरचं माप रस्त्यावरचं झालं.

या कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं: बीएसए. हो, तीच. शाळेत असताना ‘बीएसए एसएलआर’ किंवा ‘लेडीबर्ड’साठी हट्ट केलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं, की त्या नावात बंदुका आहेत. मूळ कंपनीच्या खुणेत तीन रायफली एकमेकींना टेकून उभ्या असत. ती कंपनी १९७३ मध्ये बुडाली. पण आज कुठल्याही चांगल्या सायकल दुकानात जाऊन लाख रुपयांच्या सायकलीचा कप मागा, दुकानदार विचारेल, “बीएसए थ्रेड आहे का?” मूळ कंपनी गेली. उरलं एक माप.

रॅलेचे दोन आटे जास्त

माझ्या रॅलेला मात्र हे माप लागू नाही. तिचे आटे इंचाला २६.

नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाची गल्ली होती. तिथं काही कामगार मिळून आठवड्याला तीन सायकली बनवत. १८८८ मध्ये फ्रँक बोडेन नावाच्या पैसेवाल्या माणसानं तो धंदा घेतला. आजारातून उठल्यावर डॉक्टरच्या सल्ल्यानं त्यानं सायकल चालवायला घेतली होती, ही कंपनीची आवडती कथा. काही वर्षांतच रॅले जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांत गेली. १९०२ मध्ये पेटंट झालेला तीन गिअरचा हब बोडेननं उचलला आणि स्टर्मी-आर्चर कंपनी काढली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅममधून वर्षाला दहा लाखांहून जास्त सायकली बाहेर पडत. ॲलन सिलिटो हा लेखक या कारखान्यात कामाला होता. त्याच्या ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या १९५८ च्या कादंबरीचा नायक सायकल कारखान्यात लेथवर दिवस काढतो. माझ्या सायकलीचे कप अशाच कुठल्या तरी लेथवरून निघाले असणार.

एवढ्या मोठ्या कंपनीला बाहेरच्या भागांची गरज नव्हती. फ्रेम, फोर्क, हब, क्रँक, सगळं घरचं. आटेही घरचे: कपाला २६, हँडलखालच्या रेसलाही २६. रॅलेनं पुढं इतर कंपन्या घेतल्या तेव्हा त्यांच्याही सायकली हळूहळू या मापावर गेल्या. कंपनी जिवंत असेपर्यंत यात गिऱ्हाईकाला काही अडचण नव्हती. भाग जगभर मिळत. फक्त ते रॅलेच्याच दुकानातून घ्यावे लागत. आमच्या धंद्यात याला फार सभ्य शब्द आहेत, ‘इकोसिस्टिम’ वगैरे.

मग १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहानं रॅले घेतली. पुढच्या दशकांत उत्पादन आटत गेलं आणि २००२ च्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये सायकल बनणं थांबलं. कारखान्याच्या जमिनीच्या एका भागावर आता विद्यापीठाचा कॅम्पस आहे.

माझ्या रॅलेचा डावा कप आतून खवले पडल्यासारखा झाला होता. तो बदलायचा तर बाजारात मिळणारा २४ आट्यांचा नवा कप एक-दीड फेरा आत जातो आणि अडतो. जोर केला तर फ्रेमचे आटे कापले जातात, आणि फ्रेम गेली म्हणजे सायकल गेली. बंदुका बनवणाऱ्या कंपनीनं वाटून टाकलेलं माप आजही कुठंही मिळतं. सगळं स्वतःकडे ठेवणाऱ्या कंपनीचं माप तिच्याबरोबर गेलं.

लुधियाना, वरळी आणि हिंद सायकल रोड

एकमताचा खरा फायदा कुणाला होतो, हे पाहायचं तर इंग्लंड सोडून इकडे यावं लागतं.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली बाहेरून येत, त्यातही इंग्लंडहून. इथं बनवणारे थोडे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तशी देशात मोठी नावं उभी राहिली. १९४९ मध्ये मद्रासकडे मुरुगप्पा समूहानं ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स काढली. हर्क्युलिस आणि नंतर बीएसए या तिच्याच. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस.

यातली पुष्कळ नावं आज नाहीत. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या आजारी पडल्या आणि १९८० मध्ये संसदेनं दोघींच्या राष्ट्रीयीकरणाचा एकच कायदा केला. त्यानंतरही त्या टिकल्या नाहीत. वरळीला ‘हिंद सायकल रोड’ मात्र अजून आहे. तिथून रोज ऑफिसला जाणाऱ्यांतल्या कितींना तो पत्ता असा का, हे माहीत असेल कुणास ठाऊक. ॲटलसचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाला.

पण लुधियाना टिकलं. फाळणीच्या आगेमागे पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी जणांनी तिथं सायकलीच्या एकेका भागाचा धंदा धरला. आताच्या पाकिस्तानातल्या कमालियाचे मुंजाल बंधू त्यातलेच. त्यांनी सुरुवात सुट्या भागांपासून केली. पूर्ण सायकल बनवणारी हिरो सायकल्स उभी राहिली १९५६ मध्ये, आणि १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून तिचं नाव गिनेस बुकात गेलं.

हे कसं जमलं याची कारणं अनेक आहेत: कष्ट, उधारीवर चालणारा विश्वास, सरकारी धोरण. पण एक कारण यंत्राच्या पोटातलं आहे. हातात एक लेथ आणि थोडं भांडवल असलेला माणूस अख्खी सायकल बनवू शकत नाही. पण तो फक्त पॅडल बनवू शकतो. फक्त कॉटर, फक्त स्पोकचे निपल. मात्र त्यासाठी त्याला खात्री हवी, की आपण बनवलेलं पॅडल दुसऱ्या गल्लीत बनलेल्या क्रँकमध्ये बसेल. ९/१६ इंच जाडी, इंचाला २० आटे, डावीकडचे उलटे: एवढं पाळलं तर ते सोनीपतच्या सायकलीत बसतं, मद्रासच्याही आणि बर्मिंगहॅमच्याही. कुणाची परवानगी लागत नाही, करार लागत नाही. इंग्लंडमधल्या इंजिनिअरांनी स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेलं माप अर्ध्या शतकानंतर घरदार सोडून आलेल्या माणसांच्या उपयोगी पडलं. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्या मनातही हे आलं नसेल.

याची उलटी फेरीही झाली आहे. माझ्या रॅलेची रिम २८ × १½ इंची. टायरचा काठ जिथं बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. ‘२८ इंची’ म्हणून आज रेसिंग सायकलचे जे टायर मिळतात ते ६२२ चे, ते हिला बसत नाहीत. आकडा २८ च, वस्तू वेगळी. जुन्या कागदावरच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवू नये, प्रत्यक्ष मोजावं. युरोप-अमेरिकेत हे माप जवळजवळ नामशेष झालं. पण आपल्याकडे दूधवाले, पाववाले आणि शेतावर जाणारे याच मापाच्या काळ्या सायकली चालवत राहिले, म्हणून आपल्या कारखान्यांत हे टायर बनत राहिले. आज तिकडचा कुणी हौशी माणूस आजोबांची रॅले पुन्हा उभी करतो, तेव्हा तिच्या चाकावर भारतात बनलेला टायर चढण्याची बरीच शक्यता असते. पुढं ३२ आणि मागं ४० स्पोक ही जुनी इंग्लिश रीतही आपल्या काळ्या सायकलीनंच सांभाळली.

काकांचा डबा

आता माझ्या कपाचं काय झालं ते सांगतो.

पुण्यातल्या पेठेत एक वयस्कर मेकॅनिक आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी कप रुमालात गुंडाळून नेला. त्यांनी तो घेतला, डब्यातून दुसरा एक कप काढला, दोघांचे आटे एकमेकांत टेकवले आणि रस्त्याच्या दिशेनं उजेडाला धरले. मधून फट दिसली.

“हा रॅलेचा. यात दुसरा कुठला जायचा नाही.”

“काका, आटे नवे पाडून घेतले तर?”

“कशाला? फ्रेमला हात लावू नकोस. पुढच्या शनिवारी ये, शोधून ठेवतो.”

पुढच्या शनिवारी कप मिळाला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कधीकाळी भंगारात गेलेल्या सायकलींचे काढून ठेवलेले शंभरेक कप होते. त्यातले सात २६ आट्यांचे. त्यांना ते आकडा म्हणून माहीत नव्हतं. ते त्याला ‘बारीक आटा’ म्हणत. घेतले पन्नास रुपये, आणि छर्रे नवे घाल, जुने घातलेस तर महिन्यात परत येशील, एवढा दम.

मला तिथं उभं असताना जाणवलं ते हे: माप पुस्तकात असलं तरी ते टिकतं माणसांत. ‘चाकाचा आऊट काढणं’, ‘ओव्हरऑइलिंग’, ‘कोन टाइट करणं’, हे शब्द इंग्रजीतून आले आणि पेठेत येऊन मराठी झाले. ‘छर्रे’ तर बंदुकीतून आला, बीएसएसारखाच. हे शब्द बोलणारे पुण्यात कमी होत चाललेत. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत असे. काकांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. दुकान बंद होईल त्या दिवशी तो डबा किलोच्या भावानं जाईल, त्यातले उरलेले सहा कप इतर लोखंडात मिसळतील आणि कुठल्या तरी भट्टीत वितळतील. त्यानंतर पुण्यातल्या सहा रॅले भिंतीवर टांगायच्याच लायकीच्या राहतील. मी त्यांना डबा विकत मागितला. ते म्हणाले, “तू एकटाच येतोस का इथं?” खरंय. डबा माझ्या कपाटात गेला तर तो संग्रह होईल. तिथं आहे तोवर तो दुकान आहे.

किती नवं करायचं

घरी काम करणाऱ्यांत एक वाद कायम चालतो. जुनी सायकल नव्यासारखी चकचकीत करायची की आहे तशी ठेवायची? मी काही नियम ठरवले आहेत. जे झिजतं ते बिनधास्त बदलायचं: छर्रे, कॉटर, टायर, ब्रेकची रबरं, चेन. जे सांगतं ते ठेवायचं: रंग, कंपनीची खूण, कराच्या बिल्ल्याचं भोक, कॅरिअरवर दोरी घासून पडलेली खाच. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनिअमची फॉइल पाण्यात भिजवून घासली की निघतो, पॉलिश पेपर लावायचा नाही. रंगावर मऊ कपडा आणि थोडं मेण. स्टर्मी-आर्चरच्या हबला तेलाचं छोटं भोक असतं, त्यात महिन्यातून काही थेंब पातळ मशिन ऑइल. खोबरेल तेल नको. थंडीत ते गोठतं आणि नंतर चिकट होऊन आतले दाते धरून ठेवतं. ही काळजी घेतली तर तो हब आजही तीन गिअर देतो: एक सरळ, एक पाऊण पट, एक सव्वापटीहून थोडा जास्त. पर्वतीच्या चढाला पाऊण पट पुरतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळा आहे: परत न फिरणारं काही करायचं नाही. वेल्डिंग नाही, नवे आटे पाडणं नाही, भोक मोठं करणं नाही. आज जमत नसेल तर तसंच ठेवावं. पुढच्याकडे काकांसारखा डबा असू शकतो.

सायकल कंपन्यांनीही मधल्या काळात हा धडा एकदा गिरवला. २००० नंतर महागड्या सायकलींतून आटेच गायब झाले. कप थेट फ्रेममध्ये दाबून बसवायचे, प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा. वजन थोडं वाचलं, पण कुरकुर सुरू झाली आणि दुरुस्ती अवघड झाली. गेल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. कार्बनच्या नव्या फ्रेममध्ये आज तेच १.३७ इंच, तेच २४, आणि उजवीकडे तेच उलटे आटे आहेत.

माझी रॅले आता चालते. जोडताना मी एक काम जास्तीचं केलं. एका कागदावर बॉलपेननं मराठीत लिहिलं: कप रॅलेचा, आटे २६, उजवा कप उलटा. छर्रे पाव इंची, ११ आणि ११. कॉटर साडेनऊ मिलिमीटर. टायर ६३५. हब जून १९५४. डावा कप जुनाच, दुसऱ्या रॅलेचा, अमुक साली बसवला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, सीटची नळी काढली आणि तिच्या खाली फ्रेममध्ये सरकवला. पुढं कधीतरी कुणी सीट उंच-खाली करायला ती नळी बाहेर काढेल. तो कोण असेल माहीत नाही. पण उजवा कप कुठल्या बाजूला फिरवायचा, हे त्याला माहीत असेल.